तिजोरीच्या दोन किल्ल्या

१९५६ च्या अखेरीस केंद्र सरकारने मुदती हुंड्यांवरील मुद्रांक शुल्क वाढविले. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो आणखी एक कर होता. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात मात्र त्या वाढीचा अर्थ निराळा लागला. त्या काळी बँका आपल्याकडील मुदती हुंड्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँकेकडून कर्ज उचलीत. हुंडीवरील शुल्क वाढले की ते कर्जही त्या प्रमाणात महाग होई. म्हणजे व्याज वाढविण्याचा जो निर्णय रिझर्व्ह बँकेने घ्यावयाचा, तो अर्थमंत्र्यांनी कराच्या मार्गाने परस्पर घेतला होता. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी रिझर्व्ह बँक हा अर्थखात्याचाच एक भाग असल्याची भूमिका घेतली. पंतप्रधान नेहरूंनीही आपला कौल अर्थमंत्र्यांच्या बाजूने दिला : बँकेने सल्ला जरूर द्यावा, परंतु सरकारच्या व्यापक धोरणाशी तिने सुसंगत राहिले पाहिजे. जानेवारी १९५७ मध्ये, साडेसात वर्षे पद सांभाळल्यानंतर, रामा राव यांनी राजीनामा दिला.

हुंडी आता व्यवहारातून जवळजवळ गेली. तिच्या निमित्ताने उपस्थित झालेला प्रश्न मात्र गेलेला नाही. देशाच्या पैशाचे मोल कोणी ठरवावे, खर्च करणाऱ्याने की खर्चाशी संबंध नसलेल्याने?

व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न परका वाटू नये. कोणत्याही जिनालयाची वही उघडली तर देवद्रव्याचे खाते वेगळे आणि साधारण खाते वेगळे दिसते. साधारण खात्यात तूट आली, पाणी गळू लागले, पगार थकले, तरी विश्वस्तांना देवद्रव्यातून ती तूट भागविता येत नाही. विश्वस्त कितीही सचोटीचे असोत, मर्यादा मोडत नाही. बँकांच्या शाखांतूनही हीच रीत असते. तिजोरी उघडण्यास दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात. यात कोणावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नसतो. व्यवस्था एका माणसाच्या सद्बुद्धीवर टांगलेली असू नये, एवढाच त्याचा आशय.

सरकार हे देशातील सर्वांत मोठे ऋणको आहे. ऋणकोच्या हाती व्याजाचा दर ठरविण्याचा आणि नोटा काढण्याचा अधिकार आला, तर तो दर खाली ठेवील आणि टंचाईच्या वेळी नोटा काढील, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी नको. निवडणूक जवळ आली की मोह अधिकच वाढतो. आज वाटलेल्या पैशाची गोडी लगेच कळते, त्यातून उद्भवणारी महागाई वर्षा-दीड वर्षाने येते. म्हणूनच बहुतेक देशांत खर्चाची किल्ली निर्वाचित सरकारकडे आणि चलनाची किल्ली मध्यवर्ती बँकेकडे, अशी विभागणी हळूहळू रूढ झाली.

भारतात ही विभागणी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेचे काम १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाले. तिचे भांडवल पाच कोटी रुपयांचे होते आणि शंभर रुपयांचे भाग खासगी भागधारकांकडे होते. बँक सरकारच्या हातातले बाहुले होऊ नये, हा त्यामागील एक उद्देश होता. तथापि केवळ भागधारक खासगी असल्याने स्वायत्तता मिळत नाही, हे दोनच वर्षांत दिसून आले. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांचे विनिमय दर आणि व्याजदर यांवरून ब्रिटिश सरकारशी मतभेद झाले आणि १९३७ मध्ये मुदत पुरी होण्याआधीच त्यांनी पद सोडले.

१ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वेळी कायद्यात कलम ७ आजच्या स्वरूपात आले. लोकहितासाठी आवश्यक वाटल्यास, गव्हर्नरांशी विचारविनिमय करून, केंद्र सरकार बँकेला निर्देश देऊ शकते, असे ते कलम सांगते. गव्हर्नर आणि उपगव्हर्नर यांची नेमणूक सरकारच करते. गव्हर्नरांची मुदत एका वेळी पाच वर्षांहून अधिक नसते आणि त्यांना पदावरून दूर करण्याचा अधिकारही सरकारला आहे. केंद्रीय संचालक मंडळावर गव्हर्नर आणि जास्तीत जास्त चार उपगव्हर्नर यांच्यासह सरकारने नेमलेले बाहेरचे संचालक आणि सरकारचे दोन अधिकारी बसतात. कायद्याची अक्षरे वाचली तर दुसऱ्या किल्लीची जुडीसुद्धा सरकारच्याच खुंटीवर टांगलेली आहे. असे असूनही बँकेला बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे काम करता आले, त्यास संकेत, प्रतिष्ठा आणि परस्परांविषयीचा आदर कारणीभूत होता.

हा आदर किती पुरतो, याचे उत्तर एका मराठी माणसाच्या कारकिर्दीत सापडते. रायगड जिल्ह्यातील नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. राष्ट्रीयीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झाले. पुढे १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या काळी त्यांच्या हाती होत्या आणि दोन्हींचे मोल त्यांच्याइतके कोणी जाणत नसेल. ते अर्थमंत्री असताना रामा राव गव्हर्नर होते. त्या काळात राजीनाम्यापर्यंत काही गेले नाही. देशमुख गेले, कृष्णमाचारी आले आणि काही महिन्यांतच हुंडीचा वाद पेटला.

परंतु याच सलोख्याच्या काळात, १९५५ मध्ये, एक घटना घडली. तिचा फारसा गाजावाजा झाला नाही आणि तिचा परिणाम मात्र चार दशके टिकला. सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक प्रशासकीय समझोता झाला : रिझर्व्ह बँकेतील केंद्र सरकारच्या खात्यावरील शिल्लक ५० कोटी रुपयांच्या किमान पातळीखाली गेली, की बँकेने तात्पुरती कोषागार देयके आपल्याकडे घेऊन खाते आपोआप भरून द्यावे. हिशेबाची सोय म्हणून केलेली ही तजवीज होती. पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर, शेठजींच्या गल्ल्यातील रोख कमी झाली की मुनीमाने न विचारता गल्ला भरावा आणि बदल्यात एक चिठ्ठी ठेवून घ्यावी. चिठ्ठ्या साचत गेल्या. १९७४ पासून त्यांवरील व्याज ४.६ टक्क्यांवर गोठले, मग बाजारात दर काहीही असो. तात्पुरत्या या शब्दाला अर्थ उरला नाही. सरकारची तूट किती, यावर देशात किती नवा पैसा येणार हे ठरू लागले आणि रिझर्व्ह बँक त्यापुढे हतबल झाली.

येथे थोडे थांबून विचार करावा. वादाच्या काळात गव्हर्नर राजीनामा देऊन निघून गेले, तेव्हा निदान देशाला काही बिनसल्याचे कळले. सलोख्याच्या काळात किल्ली हातातून सुटली, तेव्हा कोणाला आवाजही आला नाही. दोन भली माणसे एकमेकांवर विश्वास ठेवून जी सवलत देतात, ती त्यांच्यानंतर येणाऱ्या माणसांच्या हाती जाते. भागीदारीत व्यापार करणाऱ्या कुटुंबांनी हे अनेकदा अनुभवलेले असते. सख्ख्या भावांनीही भागीदारीचा करारनामा लिहून ठेवावा, असे जुनी माणसे सांगत, ते भाऊ वाईट असतात म्हणून नव्हे. पुढच्या पिढीत चुलत भाऊ येणार असतात.

किल्ली परत आणण्यास दीर्घ काळ लागला. सप्टेंबर १९९४ मध्ये, मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर असताना, या देयकांना मर्यादा घालण्याचा करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून ती प्रथाच बंद झाली. तिच्या जागी अर्थोपाय अग्रिम आले, म्हणजे ठरलेल्या मर्यादेचे, ठरलेल्या मुदतीत फेडावयाचे हातउसने. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. १ एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून विकत घेण्यास, अपवादात्मक प्रसंग सोडल्यास, रिझर्व्ह बँकेला मनाई झाली. सरकारला कर्ज हवे असेल तर त्याने बाजारात यावे, इतरांप्रमाणे दर द्यावा.

तिसरा टप्पा २०१६ चा. कायद्यात दुरुस्ती होऊन सहा जणांची पतधोरण समिती आली. तीन सदस्य रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने चार वर्षांसाठी नेमलेले बाहेरचे तज्ज्ञ. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक. महागाईचे लक्ष्य सरकार बँकेशी विचारविनिमय करून दर पाच वर्षांनी ठरविते. २०१६ मध्ये ते ४ टक्के, खाली २ आणि वर ६ अशा मर्यादेत ठरले. लक्ष्य गाठण्यासाठी व्याजदर किती असावा, हे मात्र समिती ठरविते. घराचा आराखडा मालकाने सांगावा आणि तुळईची जाडी अभियंत्याने ठरवावी, अशी ही वाटणी आहे. प्रत्येक सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले आणि का, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध करावे लागते. सलग तीन तिमाह्या महागाई मर्यादेबाहेर राहिली, तर कारणे आणि उपाय सांगणारा अहवाल बँकेने सरकारला द्यावयाचा असतो. २०२२ मध्ये तशी वेळ आली. नोव्हेंबरात समितीची खास बैठक होऊन अहवाल गेला, परंतु तो जनतेसमोर आला नाही. ज्या महागाईचा भार जनतेने सोसला, तिची कारणमीमांसा जनतेला वाचावयास मिळू नये, ही या व्यवस्थेतील उणीव आहे.

नियम लिहिले म्हणजे वाद संपतात, असेही नाही. २०१८ मध्ये राखीव निधी, दुर्बल बँकांवरील निर्बंध आणि वित्त कंपन्यांना रोखतेचा पुरवठा या मुद्द्यांवर सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातील ताण उघड झाला. कलम ७ खालील विचारविनिमयाचा आधार सरकारने घेतल्याच्या बातम्या आल्या. १० डिसेंबर रोजी गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. त्यानंतर बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बँकेने आपल्या ताळेबंदाच्या साडेपाच ते साडेसहा टक्के इतका निधी आकस्मिक जोखमीसाठी ठेवावा आणि उरलेला अधिक्य सरकारला द्यावा, असे तिने सुचविले. ऑगस्ट २०१९ मध्ये १,७६,०५१ कोटी रुपये सरकारकडे वर्ग झाले. त्यात ५२,६३७ कोटी हे जादा ठरलेल्या तरतुदीतील होते.

या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणावयाचे होते. बँकेची मालकी जनतेची आहे आणि जनतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार निवडून आलेल्या सरकारला आहे. आवश्यकतेपेक्षा अधिक संचय करून ठेवणे हे अपरिग्रह जाणणाऱ्या समाजाला सांगावे लागत नाही. दुसऱ्या बाजूस, मध्यवर्ती बँक ही संकटकाळी शेवटचा आधार असते. तिच्या गंगाजळीकडे पाहून दरवर्षी अर्थसंकल्प आखला जाऊ लागला, तर १९५५ ची चिठ्ठी नव्या रूपाने परत येईल. अनेकान्ताची शिकवण मिळालेल्या वाचकांनी दोन्ही दृष्टी ध्यानात घ्याव्यात आणि मग एक गोष्ट पाहावी : रक्कम कोणी मागितली यापेक्षा ती लिखित सूत्राने ठरली का? जालान समितीचे मोल त्या सूत्रात आहे.

सूत्रे मोडली तर काय होते, हे तुर्कस्तानने दाखवून दिले. तेथे व्याजदरांवरील मतभेदातून २०१९ आणि २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांनी दूर केले. महागाई वाढत असतानाही दर खाली आणले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील महागाईचा अधिकृत वार्षिक दर ८५ टक्क्यांवर गेला होता. याउलट ब्रिटनमध्ये १९९७ साली नव्याने सत्तेवर आलेल्या सरकारने अवघ्या काही दिवसांत व्याजदर ठरविण्याचा आपला अधिकार स्वतःहून बँक ऑफ इंग्लंडकडे सोपविला. आपलाच हात बांधून घेण्यात शहाणपण असू शकते, हे त्या सरकारने ओळखले.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील वाचकांना हा विषय मिंट रोडपुरता वाटत असेल, तर त्यांनी आपल्या गल्लीतील सहकारी बँकेकडे पाहावे. ठाणे जनता सहकारी बँक, डोंबिवली नागरी सहकारी बँक, कल्याण जनता सहकारी बँक, कळव्याची पारसिक बँक, या संस्था १९७० च्या दशकात याच भूमीत वाढल्या. येथील कित्येक दुकानांना पहिले कर्ज अशा नागरी बँकांनीच दिले. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या खऱ्या, परंतु अर्ध्याच. बँकिंगचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, तर संस्थेची नोंदणी, निवडणूक आणि व्यवस्थापन सहकार निबंधकाकडे, म्हणजे सरकारकडे. येथेही किल्ल्या दोनच होत्या, पण कोणत्या कुलपाची कोणती हे स्पष्ट नव्हते. दोष आढळला की प्रत्येक बाजूने दुसरीकडे बोट दाखवावे.

याची किंमत २०१९ मध्ये मोजावी लागली. २३ सप्टेंबर रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि आरंभी ठेवीदाराला खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येतील असे ठरले. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हिशेबात दडविलेली होती. ठाणे जिल्ह्यातही या बँकेचे ठेवीदार होते. दिवाळी महिन्यावर आली होती. कोणाची लग्नाची रक्कम, कोणाचे मालाचे पैसे, कोणाचा औषधाचा खर्च अडकला. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या रकमांच्या ठेवीदारांना उर्वरित पैशासाठी दहा वर्षांपर्यंतचे वेळापत्रक मिळाले.

रिझर्व्ह बँकेची तपासणीही त्या प्रकरणात तोकडी पडली, हे मान्य केले पाहिजे. स्वायत्तता म्हणजे दक्षतेची हमी नव्हे. तरीही जबाबदारी कोणाची हे ठरल्याशिवाय जाब विचारता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांचे व्यवस्थापन, लेखापरीक्षण आणि पुनर्रचना यांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर अडकली होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. त्यापूर्वी २००३ मध्येच नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना आणि त्यांच्या नातलगांना कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेने बंदी घातली होती. कर्ज मंजूर करणारा आणि कर्ज घेणारा एकच नसावा, हाच तो मूळ नियम. दिल्लीत तो जितका लागू, तितकाच डोंबिवलीत.

आता राहिला व्यापारी कुटुंबाच्या स्वतःच्या मनाचा प्रश्न. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची लघुउद्योगांना दिलेली बदलत्या दराची नवी कर्जे अशा बाह्य दराशी जोडलेली असल्याने ही वाढ थेट दुकानापर्यंत पोहोचली. ५० लाखांची कॅश क्रेडिट पूर्ण वापरणाऱ्याच्या माथी वर्षाला सव्वा लाख रुपयांचे जादा व्याज पडले. अशा वेळी व्यापारी संघटनांतून दर कमी करण्याची मागणी उठते आणि त्यासाठी मंत्र्यांना निवेदने दिली जातात. मागणीत गैर काही नाही. परंतु त्याच घरात दुकानातून निवृत्त झालेले वडील असतात, वैधव्य आलेली आत्या असते. त्यांची दहा लाखांची ठेव सहा टक्क्यांवर असेल आणि महागाई आठ टक्के असेल, तर वर्षाला सुमारे वीस हजारांची क्रयशक्ती निमूटपणे वितळते. ही वजावट पासबुकात दिसत नाही. तिच्यासाठी कोणी निवेदन देत नाही, मोर्चा काढीत नाही. ऋणकोंची संघटना असते, ठेवीदार एकटा असतो.

त्या एकट्यासाठी चलनाची किल्ली वेगळ्या हातात ठेवावयाची असते. म्हणून पुढच्या वेळी व्याजदर चढला आणि त्रागा झाला, तर दोन गोष्टी तपासाव्यात. निर्णय ठरलेल्या समितीने, ठरलेल्या रीतीने, कारणे देऊन घेतला का? आणि ती कारणे पटण्याजोगी आहेत का? ती पटली नाहीत तर टीका अवश्य करावी, कारण स्वायत्त संस्थेलाही प्रश्न विचारलेच पाहिजेत. परंतु "गव्हर्नरांना सरकार सांगत का नाही?" हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपल्याच संघाच्या सभेची आठवण करावी. तेथे साधारण खात्याच्या तुटीसाठी देवद्रव्याला हात लावण्याची सूचना कोणी मांडली, तर सभा काय म्हणेल हे प्रत्येकाला ठाऊक आहे.